पेपर टाकू का, ताई?

रविवारी रात्री साडेअकराला फोन वाजला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी आजारी आहे, नाहीतर कुणाला तरी सोमवारी ऑफिसला जायचं नाहीये. माझ्या मावसभावाचा फोन दुसऱ्या प्रकारातला होता.

'ताई, ठरलं. उद्या पेपर टाकतोय.'

पेपर टाकणं म्हणजे राजीनामा देणं, हे हिंजवडीच्या जनतेला सांगायला नको. पठ्ठ्या चार वर्षं तिथल्या एका आयटी कंपनीत आहे. वय सव्वीस. गिटार व्हिडिओ बघून शिकला. गाणी स्वतः लिहितो, चालीही स्वतःच लावतो. गुरू नाही, क्लास नाही, घरात कुणी साधी पेटीसुद्धा वाजवलेली नाही. महिन्यातून दोन शनिवार कुठल्या ना कुठल्या कॅफेत ओपन माइकला गातो. मानधन? एक कोल्ड कॉफी. मालक खुशीत असेल तर सँडविच.

'बरं. आणि मग?'

'मग काय? फुल टाइम म्युझिक! प्रतीक कुहाडने नाही सोडली नोकरी? तीही न्यूयॉर्कची! आणि तू नाही सोडलीस?'

आता बोला! एका दमात दोन उदाहरणं, आणि दोन्ही चुकीची. पहिलं आधी सांगते. दुसऱ्यासाठी मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

प्रतीक कुहाड कोण, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ब्रेकअपनंतर 'कोल्ड/मेस' लूपवर ऐकलंच नाही असं उगाच म्हणू नका. त्याची गोष्ट आपण एकमेकांना कशी सांगतो? जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्कला शिकला, कॉर्पोरेट नोकरीला लाथ मारली, गाणी केली, ती ओबामांना आवडली. द एंड. शिट्ट्या, टाळ्या.

खरी गोष्ट एवढी फिल्मी नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत तो गणित आणि अर्थशास्त्र शिकला, संगीत नव्हे. गिटार शाळेच्या शेवटच्या वर्षांत हातात आली, ती वाजवत वाजवत तो स्वतःच शिकला. कॉलेजच्या दिवसांत त्याला एलियट स्मिथ या अमेरिकन गायक-गीतकाराची गाणी सापडली आणि त्यांचा त्याच्यावर मोठा परिणाम झाला. शिक्षण संपल्यावर कन्सल्टिंगमधली नोकरी लागली आणि काही महिन्यांतच ती गेली. पुन्हा एकदा वाचा. त्याने ती सोडली नाही, ती गेली. मग तो भारतात परतला, दिल्लीत आला आणि २०१३ मध्ये 'रात राज़ी' नावाचा हिंदी ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम, त्याने काढला.

त्यानंतर काय झालं? लगेच काहीच नाही! म्हणजे गाणी झाली, शो झाले, पण लॉटरी लागली नाही. २०१५ मध्ये 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा इंग्रजी अल्बम आला. २०१६ मध्ये एमटीव्ही युरोपच्या पुरस्कारांत 'बेस्ट इंडिया अ‍ॅक्ट' ठरला. त्याच वर्षी 'बार बार देखो'मध्ये जसलीन रॉयलबरोबर गायला. २०१८ मध्ये 'कारवाँ' सिनेमात त्याची गाणी आली, त्याच वर्षी 'कोल्ड/मेस' आलं. आणि २०१९ च्या डिसेंबरात बराक ओबामांनी वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली, तिच्यात हे गाणं होतं. इलेक्ट्रा या बड्या अमेरिकन लेबलशी करार झाला तो २०२० च्या अखेरीस. सगळं उभं राहिल्यावर, आधी नाही.

'रात राज़ी' ते ओबामा, सहा वर्षं. एवढ्या काळात आपल्याकडे माणूस इंजिनीअर होतो, पहिली नोकरी बदलतो आणि त्याच्या आईने विवाह मंडळात नावही नोंदवलेलं असतं.

'म्हणजे मी सहा वर्षं थांबू?' पलीकडून रडका सूर.

'थांबू नकोस रे. पण आधी सांग, तयार गाणी किती आहेत?'

'तीन. चौथं जवळपास झालंय.'

'आयपीआरएसचा मेंबर आहेस?'

'ते काय असतं?'

घ्या! स्वतःच शिकलो म्हणजे फक्त कॉर्ड्स शिकलो असा आमच्या हिरोचा समज. इंडिपेंडंट कलाकाराचा अर्धा दिवस गाण्यात जातो आणि उरलेला अर्धा चक्क ऑफिसात. फक्त ते ऑफिस त्याचं स्वतःचं असतं. बिलं, मेल, अ‍ॅग्रीमेंट, सगळं त्याच्याच टेबलावर.

मीही हे लेखांसाठी फिरता फिरताच शिकले. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. सिनेमात वर्षानुवर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून द्यायचे. मग २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ही बाजू लावून धरली होती. आता सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर कुठेही वापरलं, तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायम राहतो. कंपनीने सही मागितली तरी तो वाटा सोडून देता येत नाही. हे पैसे गोळा करून पोचवायचं काम आयपीआरएस ही संस्था करते. आणि शब्द-चालीचा हक्क टिकतो किती? लिहिणारा गेल्यानंतरही ६० वर्षं. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड करणाऱ्या पोराकडे दोन्ही हक्क असतात. ही त्याची खरी इस्टेट. आणि साहेबांना तिचा पत्ताच नाही!

स्ट्रीमिंगचा हिशेबही ऐका. गाणं अ‍ॅपवर चढवायला मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. काहीजण त्याची वार्षिक फी घेतात, काहीजण कमाईतला हिस्सा. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९ मध्ये. २०२४ पासून त्यांचा नियम असा की, मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. आमच्या हिरोचं गाणं वर्षभरात किती वेळा ऐकलं गेलं? ६४०. त्यातले निम्मे मावशीचे असावेत. कमाई, शून्य.

फोनवर शांतता. मला वाईट वाटलं. कारण एक गोष्ट खरी आहे, पोरगा चांगलं लिहितो. चांदणी चौकातल्या ट्रॅफिकवर त्याचं एक गाणं आहे. ते ऐकून मी एकदा रिक्षात रडले होते आणि रिक्षावाल्या काकांनी 'ताई, पत्ता चुकला का?' असं विचारलं होतं.

'पण तू तर सोडलीस ना?' तो हळूच म्हणाला. 'तुझ्याकडे बघूनच तर मी...'

आलं दुसरं उदाहरण.

चार वर्षांपूर्वी मी एका पुरवणीत उपसंपादक होते. नाव सांगत नाही. घरी, मित्रांत, लग्नात भेटणाऱ्या प्रत्येक आत्याला मी एकच गोष्ट सांगत आले, की 'रूटीनचा कंटाळा आला, स्वतःचं काहीतरी करायचं होतं, म्हणून सोडली.' ऐकायला कसलं भारी वाटतं! खरं असं, की एका मंगळवारी आम्हा पाच जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि पुरवणी बंद होत असल्याचं सांगितलं. महिनाअखेर शेवटचा दिवस. मी बाथरूममध्ये जाऊन पंधरा मिनिटं रडले, मग बाहेर येऊन पाणीपुरी खाल्ली. फ्रीलान्सिंग हा माझा धाडसी निर्णय वगैरे नव्हता. दुसरी नोकरी मिळत नव्हती. पहिलं वर्ष बाबांनी भाडं भरलं. आजही एखाद्या लेखाचा चेक तीन-तीन महिने येत नाही, तेव्हा घरी मी 'बँकेचा प्रॉब्लेम' असं सांगते.

हे सगळं त्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, कुणालातरी.

'म्हणजे तुला काढलं होतं?'

'हो.'

मोठा पॉज. मला वाटलं, आता हा चिडणार. चार वर्षं खोट्या ताईकडे बघून स्वप्नं रंगवली त्याने. पण तो हसायलाच लागला. 'अगं, मग आधी सांगायचंस ना! मला वाटायचं, तुझ्यात डेअरिंग आहे, माझ्यात नाही. म्हणून उद्याच टाकणार होतो, सिद्ध करायला.'

बापरे. म्हणजे माझ्या एका थापेपायी पोरगं पगार सोडायला निघालं होतं.

मी त्याला 'सोडू नकोस' म्हटलं नाही. तो माझा अधिकार नाही. हिशेब मात्र एकत्र केला, पहाटे दीडपर्यंत. सहा महिन्यांचं भाडं आणि ईएमआय बाजूला पडेपर्यंत पेपर नाहीत. दहा गाणी पूर्ण. आयपीआरएसचा फॉर्म याच आठवड्यात. कॅफेवाल्याकडे कॉफीऐवजी पैसे मागायचे, भले पाचशे रुपये असोत. हे शेवटचं त्याला सगळ्यात अवघड वाटलं. राजीनामा द्यायला तयार असलेला माणूस पाचशे रुपये मागायला घाबरतो, बघा.

सोमवारी सकाळी नेहमीच्या कॅबमधून त्याचा मेसेज आला, 'वाकडला अडकलोय. चौथं गाणं झालं बहुतेक.' सोबत रेकॉर्डिंग. मागे हॉर्नच हॉर्न, आणि मधेच कॅबवाल्याचा आवाज.

दुपारी मावशीचा फोन. 'काय सांगितलंस गं त्याला? गिटार सोडायचं नावच काढत नाहीये!'

तिलाही खरं सांगायचं बाकी आहे. माझ्या नोकरीचं. या रविवारी जेवायला बोलावलंय तिने.