त्रेचाळीस सेकंदांचा धडा

संगणकात नोंद झाली की ती निर्धोक झाली, असा एक भाबडा समज आपल्याकडे रूढ आहे. सरकारी दप्तरे, बँकांच्या खतावण्या, जमिनींचे उतारे संगणकात जात असताना हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

एका जागी ठेवलेले दप्तर आगीत वा पुरात नष्ट होऊ शकते. म्हणून त्याच्या प्रती दूरदूरच्या केंद्रांत ठेवतात आणि एकीकडील प्रत्येक नोंद तारेवरून दुसरीकडे उतरवून घेतात. प्रश्न उद्भवतो तो ही तार तुटते तेव्हा. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत, संगणकाच्या आज्ञावल्या साठवणाऱ्या ‘गिटहब’ या कंपनीत, एक उपकरण बदलताना पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद खंडित झाला. यंत्रणेने लागलीच पश्चिमेकडील केंद्रास मुख्य ठरविले आणि दोन्हीकडे परस्परांस ठाऊक नसलेल्या नोंदी झाल्या. एकाच पेढीच्या दोन रोजकीर्दी! नोंदी गमावण्यापेक्षा विलंब बरा, असे चालकांनी ठरविले. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

यात केवळ हलगर्जीपणा शोधणे चुकीचे ठरेल. एरिक ब्रूअर यांनी २००० साली मांडलेले आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले तत्त्व असे की, संपर्क तुटला असता सर्व प्रतींची एकवाक्यता आणि अखंड सेवा या दोन्ही गोष्टी एकदम राखता येत नाहीत. एकीवर पाणी सोडावेच लागते.

कोणत्या, हा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हे. ‘ॲमेझॉन’ने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्धतीत ग्राहकाची टोपली सदैव खुली ठेवली, प्रती मागाहून जुळविताना, काढून टाकलेली वस्तू फार तर पुन्हा टोपलीत दिसेल. तेथे ते क्षम्य आहे. परंतु एकच जमीन दोन केंद्रांत दोघांच्या नावे चढली तर? तेथे काम थांबविणेच श्रेयस्कर. उलट, तार तुटली म्हणून रेशनच्या दुकानातून गरिबास रित्या पिशवीने परत धाडणे हा अन्याय होय. दुबार गेलेले धान्य पुढल्या महिन्यात वळते करता येते. उपाशी गेलेला दिवस भरून निघत नाही.

तेव्हा कोठे थांबावे आणि कोठे देत राहावे, हे प्रत्येक खात्याने आगाऊ ठरवून जनतेस जाहीर केले पाहिजे. तो निर्णय कंत्राटदारावर सोपवून शासनाला हात झटकता येणार नाहीत.