कोंड्याचा मांडा, पण कोणाच्या ताटात?

कोंड्याचा मांडा करणे ही आपल्याकडे काटकसरी गृहिणीची ओळख मानली जाते. आता हा मांडा रसायनशास्त्रज्ञ करू लागले आहेत. भाताचे तूस, उसाचे चिपाड, नारळाचा काथ्या बारीक दळून प्लॅस्टिकच्या फोममध्ये भर म्हणून घालायचा. खनिज तेलापासून बनणारे महाग रसायन तेवढे कमी लागते. पनवेलसारख्या भाताच्या मुलखात राहणाऱ्याला ही कल्पना आवडायलाच हवी. १०० किलो भात भरडला की सुमारे २० किलो तूस निघते. त्यात सिलिका इतकी, की ते धड गुरांच्या पोटात जात नाही की लवकर कुजत नाही.

पण हे काम वाटते तितके स्वस्त नाही. पॉलियुरेथेनचा फोम दोन द्रवांच्या संयोगातून फुगतो. तुसात ओल राहिली तर त्यांतला एक द्रव पाण्याशीच संयोग पावतो, जादा वायू सुटतो आणि फोमचे सारे गणित बिघडते. भर अधिक झाली तर फोम ठिसूळ होतो. म्हणजे तूस वाळवा, दळा, चाळा. आणि सिलिकेने यंत्राची पाती झिजतात ती वेगळीच.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना 'कच्चा माल टाकाऊ, किंमत नगण्य' असे वाक्य दिसले, की माझी पेन्सिल तिथे थांबत असे. टाकाऊ वस्तू उपयोगाची ठरली की ती टाकाऊ उरते कुठे? आमच्या भागातल्या वीटभट्ट्यांना तूस लागते, बॉयलरनाही लागते. गिऱ्हाईक वाढले की भाव वाढणारच. मात्र भात भरडायला आणणारा शेतकरी तांदूळ घेऊन घरी जातो. तूस बहुधा गिरणीतच राहते. मग तो वाढलेला भाव कोणाच्या खात्यात जमा होणार?

दुसरा प्रश्न हिरव्या लेबलाचा. तूस आज ना उद्या कुजेल. त्याभोवतीचे प्लॅस्टिक कुजणार नाही. राज्य सरकारने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. त्याच ताटवाट्या चिमूटभर तूस घालून 'पर्यावरणस्नेही' म्हणून परत आल्या, तर गाढी नदीला काय फरक पडणार आहे?

म्हणून माझे मत असे, की तूस घातलेला फोम जरूर करावा, पण शीतगृहाच्या भिंतीसाठी, मासळीच्या पेट्यांसाठी, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कामासाठी. थर्मोकोल येण्यापूर्वी बर्फाची लादी भुशात आणि तुसातच टिकवली जात असे. तुसाचा तो गुण जुनाच आहे. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंत मात्र ते घालू नये. आणि भरडाईच्या पावतीवर तांदळाइतकेच तुसाचेही वजन लिहिले जावे.

पनवेल परिसरातली कितीतरी भातखाचरे आधी शहराखाली आणि मग विमानतळाखाली गेली. २०२५ मध्ये तिथून विमानेही उडू लागली. जी खाचरे उरली आहेत, त्यांच्या धन्याला निदान स्वतःच्या तुसाचा दाम मिळावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.