'ऑफ' या अव्ययाची किंमत

'सँक्शन' हा शब्द आमच्या फायलींत रोज येतो. कर्जाला वा रजेला मिळणारी मंजुरी म्हणजे सँक्शन. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्यावर लादलेले निर्बंधही सँक्शनच. तरीही या शब्दाने कुणाची फसगत झाल्याचे मला आठवत नाही, कारण संदर्भ मदतीला धावतो. खरी फसगत करतात ती क्रियापदामागे लागणारी चिमुकली अव्यये. 'पुट अप' म्हणजे सादर करणे, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सोसणे. (एकाच फाईलीच्या प्रवासात या तिन्ही अवस्था क्रमाने येतात, हा भाग वेगळा.)

काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या एक वृद्ध मराठी बाई माझ्याकडे आल्या. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या त्यांच्या अर्जाला एका कार्यालयाने एका ओळीचे उत्तर दिले होते : अर्ज 'डिस्पोज्ड ऑफ' झाला आहे. शाळकरी नातवाने शब्दकोश पाहिला. 'डिस्पोज्ड' म्हणजे अनुकूल, असा अर्थ तेथे होता आणि तो खोटाही नव्हता. मागच्या 'ऑफ'कडे त्याचे लक्ष गेले नाही. आजीबाई पैशांची वाट पाहत राहिल्या. अर्ज वस्तुतः फेटाळला गेला होता.

केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागायची, तर १९८५ च्या अधिनियमानुसार अंतिम आदेशापासून सामान्यतः एक वर्षाची मुदत असते. त्या आल्या तेव्हा १४ महिने उलटले होते. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. तसा अर्ज करण्याचा सल्ला मी दिला. पण 'ऑफ समजला नाही' हे कारण कोणत्या वकिलाने कोणत्या शब्दांत मांडावे?

अशा वेळी भाषांतराचा उपाय सुचवला जातो. मला तो अपुरा वाटतो. आपला 'निकाली काढणे' हा प्रयोग तितकाच मुका आहे. निकाल कुणाच्या बाजूने लागला, हे तोही सांगत नाही. दोष इंग्रजीचा कमी, नकार स्पष्ट लिहिण्यास कचरणाऱ्या आम्हा अधिकाऱ्यांचा अधिक. मासिक विवरणपत्रात मंजूर आणि नामंजूर दोन्ही प्रकरणे 'निकाली'च्या एकाच रकान्यात पडतात. मग वेगळे लिहिण्याची निकड कुणाला भासावी?

माझ्या विभागापुरती मी तेव्हापासून एक सूचना दिली आहे. पहिल्याच वाक्यात मागणी मान्य की अमान्य ते लिहावे, मग कारण, आणि दाद कोठे व कधीपर्यंत मागता येईल तेही. परवा एक सहकारी मसुदा घेऊन आले आणि काहीशा नाराजीने म्हणाले, "सर, नकार इतका उघड लिहिला की लोक अपील करतात." मी मसुद्यावर सही केली.