हत्यार घरचें, माप खरें

हातीं योग्य हत्यार नसतां काम अडवून बसावें, कीं जें मिळेल त्यानें तें पुरें करावें, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस पुढील आयुष्यांत वारंवार पडणार आहे. कांहीं पालक म्हणतात, "मुलांनीं पुस्तकें वाचावींत, इंजिन उघडणें हें मेस्त्र्याचें काम." दुसरे कांहीं म्हणतात, "हातोडा आणि पाना असला म्हणजे सर्व कांहीं होतें." आमच्या मतें हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत. तीं अपुरीं कां, हें एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतों.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशीं एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. त्यांच्या विहिरीवरील जुन्या डिझेल इंजिनाचा जोर सरला होता. उघडून पाहतां कॅमशाफ्टचा एक उंचवटा झिजून गेलेला आढळला. मेस्त्र्यास आठ दिवस सवड नव्हती. मुलाचे वडील म्हणाले, "मास्तर, त्येची वाट बघत बसलो तर ऊस वाळंल." कोल्हापुराहून नवा कॅमशाफ्ट आणलेला होता, तो बसविण्याचीं खास हत्यारें मात्र नव्हतीं. तेव्हां बापलेकांनीं घरींच काम आरंभिलें.

कॅमशाफ्ट हा इंजिनांतील घंटा वाजविणारा शिपाईच होय. हवा केव्हां आंत यावी व धूर केव्हां बाहेर जावा, हें तो ठरवितो. अशा पुष्कळ इंजिनांत डिझेलचा पंपहि तोच हालवितो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हां याचा एक फेरा होतो. शिपायानें अवेळीं घंटा दिली तर शाळेचा जो गोंधळ होईल, तोच येथें इंजिनाचा होतो.

आतां त्या घरचीं हत्यारें पाहा. दांत्यांचें चाक ओढून काढण्यास पुलर नव्हता. त्यांनीं एका जाड लोखंडी पट्टीस तीन भोंकें पाडलीं, दोन बोल्ट चाकाच्या आट्यांत बसविले आणि मधला बोल्ट शाफ्टच्या टोंकावर दाबीत नेला. चैत्री पौर्णिमेस सासनकाठीचे दोर सर्व बाजूंनीं सारखे ताणावे लागतात, नाहीं तर काठी कलते. तद्वत् येथेंहि दोन्ही बोल्ट सारखे नसले तर पट्टी तिरपी होते व चाक अडकतें. हें त्या शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागलें नाहीं. टॅपेट खालीं पडूं नयेत म्हणून कपडे वाळत घालावयाचे चिमटे लावले. लोखंडावर हातोडा थेट बसूं नये म्हणून मध्यें बाभळीचा ठोकळा धरला. काढलेले पुशरॉड पुठ्ठ्याच्या भोंकांत उभे करून 'हवा' व 'धूर' असें लिहून ठेवलें. हें सर्व पाहून आम्हांस धन्यता वाटली, आणि आम्हीं मुलाची पाठ थोपटली.

आमची चूक झाली ती येथेंच. दोन्ही चाकांवर कारखान्यानें खुणा कोरलेल्या असतात. त्या एकमेकींसमोर याव्या लागतात. जुन्या काजळीखालीं त्या दिसेनात. चाक काढण्यापूर्वीं स्वतःची खूणहि कोणी केली नव्हती. वडील म्हणाले, "असंच हुतं बघ." मुलानें तसेंच बसविलें, आणि आम्ही जवळ उभे असून कांहीं बोललों नाहीं. हँडल मारतांच इंजिनानें उलट झटका दिला आणि मुलाचें मनगट सुजलें. सुदैवानें हाड मोडलें नाहीं.

चूक एका दांत्याची होती. त्रैराशिक शिकलेल्या मुलांनीं हिशेब करून पाहावा. कॅमशाफ्टच्या चाकास ४० दांते असतील तर एक दांता म्हणजे ९ अंश, आणि क्रँकशाफ्टच्या मानानें १८ अंश. पिस्टन पुरता वर येण्याच्या फार आधीं डिझेल पेटलें तर तें पिस्टनास मागें ढकलणारच. दुसरे दिवशीं रॉकेलनें चाकें धुतलीं, खुणा सांपडल्या, जुळविल्या, आणि सायंकाळीं पाटास पाणी लागलें.

आम्ही वर्गांत स्वावलंबनाची थोरवी पुष्कळ सांगतों. परंतु स्वावलंबन कोठें थांबतें हें सांगण्यास विसरतों. धरणें, ओढणें, उचलून ठेवणें हीं कामें घरगुती हत्यार प्रामाणिकपणें करूं शकतें. मोजणें व जुळविणें या कामीं अंदाज उपयोगी नाहीं. कारण अंदाज हें हत्यारच नव्हे.

याचा अर्थ मापाचें साधन नेहमीं विकतच घ्यावें, असाहि नाहीं. बोल्ट किती जोरानें आवळावा हें दाखविणारा पाना महाग असतो. पण पान्याच्या टोंकास बाजारी ताणकांटा अडकवून काटकोनांत ओढावा. बोल्टाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर १० किलोग्रॅम ओढ दिली कीं ३ किलोग्रॅम-मीटर जोर लागला. मात्र कांटा आधीं ठाऊक असलेल्या वजनानें पारखावा, आणि जोराचा आंकडा त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकांतून घ्यावा. हेंहि घरचेंच हत्यार. पण तें खरें बोलतें.

ज्या कोल्हापुरांत आज उद्यमनगरचे लेथ फिरतात, त्याच शहरीं १९१८ सालीं बाबूराव पेंटर यांनीं दामले यांच्या साह्यानें चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला. पुढें १९२० सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें आला. कोणत्याहि अशा कॅमेऱ्यांत पडदा उघडा असतांना फीत स्थिर राहावी लागते व झांकला असतांना पुढें सरावी लागते. येथेंहि प्रश्न वेळ जुळविण्याचाच. साधनें अपुरीं असतां त्यांनीं काम सोडलें नाहीं; आणि अचूकपणा सोडला असता तर चित्र उमटलेंच नसतें.

यास्तव विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें: कांहींहि उघडण्यापूर्वीं खूण करा. जोडून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधीं क्रँकशाफ्ट हातानें सावकाश पुरते दोन फेरे फिरवा. कोठें अडलें तर जोर न लावतां पुन्हां उघडा. पालकांस विनंति ही कीं, मुलांचे हात काळे होऊं द्यावेत, पण त्यांच्यापुढें "असंच होतं" असें म्हणूं नये. येत्या वर्षीं प्रत्येक मुलानें घरीं एक हत्यार करून आणावें, आणि तें कोणतें काम करील व कोणतें करणार नाहीं हें सोबत लिहून आणावें. त्यांतील दुसरी ओळ आम्ही आधीं वाचूं.