गिंकोची कॅप्सूल आणि बाबांचा विसरभोळेपणा

परवा ओपीडीत एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील सत्तरीच्या पुढचे, हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू. निघता निघता त्याने पिशवीतून गिंकोच्या कॅप्सूलची डबी काढली. ‘‘साहेब, बाबा हल्ली फार विसरतात. ऑनलाइन मागवल्या. झाडपाल्याचं औषध आहे, अपाय तर नाही ना?’’

अपाय होऊ शकतो, म्हणूनच हे लिहीत आहे.

गिंको हे मूळचे चीनमधील झाड. ते हजार वर्षांहून अधिक जगू शकते. हिरोशिमात १९४५च्या अणुबॉम्बनंतरही काही गिंको पुन्हा पालवले. त्याच्या पानांतील फ्लेव्होनॉइड ही नैसर्गिक संयुगे झाडाला अतिनील किरणांपासून जपतात, कीड व बुरशीशी झुंजायला मदत करतात. पानांच्या प्रमाणित अर्कात त्यांचे प्रमाण साधारण २४ टक्के असते.

पण झाडाचे हे कवच माणसाच्या मेंदूलाही मिळते का? अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षे चाचणी झाली. काहींना रोज २४० मिलिग्रॅम अर्क, तर बाकीच्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. २००८मध्ये निष्कर्ष आला : गिंकोमुळे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी झाले नाही. उलट ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिनसोबत गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. कॅप्सूल सुरू झाली की तपासणी राहून जाते. विसरण्यामागे बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा वरखाली होणारी साखर असू शकते. ही कारणे सापडली, तर उपचार करता येतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

फ्लेव्होनॉइड हवेच असतील, तर ते आपल्या ताटात आहेत. कांद्यात, शेवग्याच्या पाल्यात, अगदी आपल्या जिल्ह्यातल्या सोयाबीनमध्येही. तेही औषध नव्हे, चांगले जेवण आहे.

त्या बाबांची कॅप्सूल बंद केली आणि रक्त तपासायला पाठवले. बी-१२ बरेच कमी निघाले. आता इंजेक्शन सुरू आहेत.

डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक डबी सोबत न्या, झाडपाल्याचीसुद्धा.