बारीचा निकाल लिहून द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे, पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र शासन, मावळ आणि खेड तालुक्यांतल्या यात्रा समित्या, आणि बैलगाडा मालकांच्या सर्व संघटना



मी सुदुंबऱ्याचा. चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या जुळणीवर पाळीत काम करतो. घरी तीन खिल्लार बैल आहेत, त्यातला एक जुकाटाला, म्हणजे गाड्याच्या पुढच्या जोडीत, पळतो. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगतो, कारण हे पत्र त्या दोन्हींमधून आलं आहे.

रात्रपाळी सुटली की आमची पाच-सहा जणांची टोळी तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या टपरीवर चहाला थांबते. तिथं अर्धा वेळ फॉर्म्युला वनचा असतो आणि अर्धा बैलगाड्यांचा. लुईस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून फेरारीत जाणार हे 1 फेब्रुवारी 2024 ला जाहीर झालं आणि त्यानंतरचा अख्खा हंगाम तो मर्सिडीजकडूनच पळला. मन लागलं असेल का त्याचं, यावर आम्ही वर्षभर भांडलो. आमच्यातला एक जण त्याला 'दावण बदलली' असंच म्हणतो. आमच्याकडं बैल दावण बदलतात. अमक्याचा बैल तमक्यानं नेला, त्याची जुगलबंदी आता तिसऱ्याशीच ठरली, जुकाटाचा बैल धुरेला, मागच्या जोडीत, घातला म्हणून गाडा दोन नंबरात गेला, हे बोलणं चहा गार झाला तरी संपत नाही. हा वाद म्हणजे शौकिनाचा हक्क आहे आणि तो असाच चालू राहावा. माझी तक्रार वेगळी आहे. मोटारींच्या वादात आमच्या हातात कागद असतो. गाड्यांच्या वादात फक्त आवाज असतो.

डिसेंबर 2021 चा तो आठवडा मला विसरता येत नाही. 12 तारखेला, रविवारी, अबू धाबीला फॉर्म्युला वनच्या हंगामाची शेवटची शर्यत झाली. हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन समान गुणांवर होते. शेवटच्या काही फेऱ्यांत अपघात झाला, सेफ्टी कार आली, आणि शर्यत संचालक मायकल मासी यांनी एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त त्या दोघांच्या मधल्या पाच गाड्यांना पुढं जाऊ दिलं. शेवटच्या एका फेरीत व्हर्स्टॅपन पुढं गेला आणि जगज्जेता झाला. मर्सिडीजनं त्याच रात्री लेखी हरकत घेतली. पंचांनी ती फेटाळली, पण कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या कारणानं ते लिहून दिलं. 16 तारखेला मर्सिडीजनं अपील सोडून दिलं.

आणि त्याच 16 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला बैलगाडा शर्यतींची परवानगी दिली. आमच्या गावात भंडारा उधळला गेला. माझे चुलते गोठ्यात जाऊन बैलाच्या वशिंडावर हात ठेवून किती तरी वेळ नुसते उभे होते.

त्या परवानगीसाठी किती वाट पाहिली, हे आपल्या दप्तरात आहेच. जुलै 2011 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं बैलाचं नाव खेळाला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालानं शर्यती पूर्ण थांबल्या. 2017 मध्ये विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, तरी मुंबई उच्च न्यायालयानं रोखलं. मग प्रकरण घटनापीठाकडं गेलं, मध्ये ही परवानगी मिळाली, आणि अखेर 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींनी दुरुस्तीचा कायदा वैध ठरवला. त्या काळात मावळातल्या कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. खिल्लार खोंड शेतात ट्रॅक्टर आल्यापासून पोसायला जड, त्यात पळायची बंदी. ज्यांनी तरीही बैल ठेवले त्यांनी ते भाकरीतली भाकरी देऊन ठेवले.

म्हणूनच मला भीती वाटते. न्यायालयानं जो कायदा मान्य केला तो त्याच्या नियमांसकट मान्य केला. काठी नाही, चाबूक नाही, पिराणी नाही, विजेचा झटका नाही, शेपूट पिरगळायचं नाही, एका बैलानं दिवसात किती वेळा पळावं याला मर्यादा, पशुवैद्यकाची तपासणी, शर्यतीचं चित्रीकरण. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आमची परवानगी या अटींवर उभी आहे. आणि या अटी पाळल्या गेल्या की नाही याची घाटावर, म्हणजे शर्यतीच्या जागी, लोकांसमोर लेखी नोंद होताना मी आजवर एकदाही पाहिलेली नाही.

एक प्रसंग सांगतो. कुठल्या घाटातला ते सांगत नाही, कारण रोष त्या गावावर नाही. आमच्या गाड्याची बारी, म्हणजे पळायची पाळी, होती. गाडा सुटला, घोडी पुढं नीट निघाली, भिर्रर्र झाली, वर घड्याळावर सेकंद उमटले. चांगले सेकंद होते. पोरांनी टोप्या उडवल्या. दहा मिनिटांनी माइकवरून पुकारलं, बारी बाद. एवढंच. मांडवापाशी विचारायला गेलो तर एक जण म्हणाला, घोडीवाला रेषेच्या पुढं उभा होता. दुसरा म्हणाला, सुटताना धुरेच्या बैलाला काठी लागली. तिसऱ्यानं पुढची बारी आली म्हणून बाजूला केलं.

ही दोन कारणं एकमेकांपासून फार लांबची आहेत. घोडी पुढं उभी राहणं ही चूक आहे, तिची शिक्षा बारी बाद होणं एवढी पुरे. काठी मारणं हा गुन्हा आहे. आमच्या बैलावर काठी चालली असेल तर ती चालवणारा हात आमच्याच घरातला किंवा भावकीतला असणार, आणि तो कुणाचा हे मला कळायला हवं होतं. घरी येऊन चुलत्यांनी एकेका पोराला बैलासमोर उभं करून विचारलं. सगळे नाही म्हणाले. आज त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी गाडा सोडायला जी चार पोरं होती त्यांच्यातल्या एकाकडं चुलते अजून सरळ बघत नाहीत, आणि तो निर्दोष असेल तर त्या पोरावर केवढा अन्याय झाला आहे! दोषी असेल तर तो दर आठवड्याला कुणाच्या तरी गाड्याला हात लावतो आहे. एका ओळीच्या कागदानं हे मिटलं असतं.

आमचं सुदुंबरे संताजी महाराज जगनाड्यांच्या समाधीचं गाव. तुकोबांच्या मुखातून आलेले अभंग संताजींनी वहीत उतरवले आणि त्यांच्या हातच्या लिखाणामुळं ते पुढच्या पिढ्यांना मिळाले, हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं असतं. लिहून ठेवलेल्या शब्दाची किंमत या पंचक्रोशीला नव्यानं पटवून द्यायची गरज नाही. म्हणून मागणी साधीच करतो.

ज्या बारीचा निकाल घड्याळाप्रमाणे लागला नाही, जी बाद झाली, ज्यात दंड झाला किंवा हरकत आली, तिचा निकाल त्याच दिवशी कागदावर लिहा. बारीचा क्रमांक, वेळ, काय घडलं, कोणता नियम मोडला, काय ठरवलं, आणि ठरवणाऱ्याची सही. एक प्रत घड्याळाखालच्या फळ्यावर लावा, एक गाडामालकाला द्या, एक तहसील कार्यालयात पाठवा. मोटार शर्यतीत पंचांचा प्रत्येक निर्णय असाच निघतो. पाच सेकंदांच्या दंडाचासुद्धा कागद असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. त्यामुळंच आम्ही टपरीवर बसून त्या पंचांशी भांडू शकतो. त्यांच्याकडं पैसा आहे म्हणून त्यांना जमतं, असं एका समिती सदस्यांनी मला ऐकवलं होतं. पण जो समाज मोटारसायकल, ट्रॅक्टर, जेसीबी बक्षीस लावतो, त्याला एक निकालवही आणि ती लिहिणारा एक माणूस जड नाही.

ठरवणारा माणूस यजमान गावाचा नसावा, हेही त्यातच आलं. यजमान गावाचे पंच अप्रामाणिक असतात असं मी म्हणत नाही. यात्रेचा पाहुणचार, भावकी, पुढच्या महिन्यात समोरच्याच्या घाटात जायचं असतं, या सगळ्याचं ओझं त्यांच्यावर येतं. मावळच्या घाटाला खेडचे पंच आणि खेडच्या घाटाला मावळचे, इतकं केलं तरी फरक पडेल.

चित्रीकरणाचं काय होतं, हाही माझा प्रश्न आहे. ते अटीपुरतं होतं आणि कपाटात जातं. आमच्या त्या बारीचं चित्रीकरण मला दाखवलं असतं तर चुलत्यांच्या घरातला तिढा त्याच संध्याकाळी सुटला असता. हरकत घेणाऱ्या गाडामालकाला त्याच्या बारीचं चित्रीकरण तिथल्या तिथं बघायला मिळावं.

आता नियम बदलण्याविषयी. घोडी असावी की नसावी, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी घोडीच्या बाजूचा. आमच्या घाटाची ती रीत आहे आणि बैल तिच्यामागं आनंदानं जातो असं मला वाटतं. पण माझा सख्खा मित्र म्हणतो, सातारा-सांगलीकडं छकड्यावर ड्रायव्हर बसतो, त्यामुळं चुकीला एक जबाबदार माणूस तरी असतो. आपल्या गाड्यावर कुणीच नसतं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी त्याच्या तोंडावर कबूल केलं आहे. असे वाद व्हायलाच हवेत. मात्र बदल करायचा तर हंगामाआधी करा आणि छापून करा. फॉर्म्युला वनमध्ये 2026 पासूनच्या इंजिनांचे नियम ऑगस्ट 2022 मध्येच मंजूर झाले होते. आमच्याकडं सेकंदांचे नंबर कसे पाडणार, जुगलबंदीच्या गाड्याला टोकन कुणाच्या नावावर, हे कधी कधी सकाळी घाटावर माइकवरून कळतं. आदल्या गावात चाललेलं दुसऱ्या गावात चालत नाही. माघी पौर्णिमेला घाट सुरू होतात. त्याआधी मराठीत एकच नियमपुस्तिका निघावी, आणि वैशाखापर्यंत तिच्यातला शब्द कुणी हलवू नये.

शब्दाला किती महत्त्व असतं तेही सांगतो. अबू धाबीनंतर जागतिक मोटार महासंघानं चौकशी केली, मासी यांना त्या पदावरून दूर केलं आणि मार्च 2022 मध्ये अहवाल प्रसिद्ध करून मानवी चूक झाल्याचं मान्य केलं. मासी सद्भावनेनं वागले, हेही त्यात लिहिलं. आणि नियमात मागे पडलेल्या 'कोणत्याही' गाड्या असं जे होतं, तिथं 'सर्व' गाड्या असा शब्द घातला. निकाल बदलला नाही, हॅमिल्टनचे चाहते आजही हळहळतात, पण तोच घोळ पुन्हा व्हायची वाट बंद झाली.

बैलांच्या दावण-बदलाला माझा विरोध नाही. बैलाला चांगली किंमत येते म्हणूनच आज पुन्हा खोंड पाळायची पोरांना हौस आली आहे. पण जुगलबंदीत एकच बैल सकाळी एका नावानं आणि दुपारी दुसऱ्या नावानं पळतो, हे घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दिवसाची मर्यादा मग मोजायची कुणी? बैलाच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे. 2022 मध्ये लम्पी रोग आला, शर्यती आणि जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हा आम्ही सगळे तो आकडा पाठ करून फिरत होतो. टोकन देताना चारही बैलांचे ते आकडे लिहून घ्या. बैलाचं नाव काहीही पुकारा.

शेवटचं सगळ्यांत तातडीचं आहे. घाटाच्या तोंडाशी आणि उतरणीला माणसं धावपट्टीतच उभी असतात. लहान पोरांना खांद्यावर घेऊन बाप उभे असतात. गाडा सरळ येईल या भरवशावर शेवटच्या क्षणी सगळे बाजूला होतात, आणि तो प्रत्येक वेळी सरळ येत नाही. 11 जून 1955 ला फ्रान्समध्ये ले माँच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांच्या बाजूला उसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर शेजारच्या स्वित्झर्लंडनं आपल्या देशात असल्या शर्यतींवर घातलेली बंदी साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. अपघात त्यांच्या देशात झालासुद्धा नव्हता. आमची बंदी सात वर्षांची होती आणि तेवढ्यात आमच्या वाडीतल्या निम्म्या दावणी उठल्या. दोन्ही बाजूंना मजबूत कठडा उभारून झाल्याशिवाय आणि धावपट्टी रिकामी झाल्याशिवाय पहिली बारी सोडायची नाही, हा अधिकार तहसीलदारांच्या माणसाकडं असावा आणि यात्रा समितीनं त्याच्यावर दबाव आणू नये.

हे पत्र चुलत्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्या बारीचं चित्रीकरण अजून कुणाकडं असेल तर आधी ते माग. म्हणून तीही विनंती करतो. त्या दिवसाची तारीख, घाटाचं नाव आणि आमच्या बारीचा क्रमांक वेगळ्या कागदावर तहसील कार्यालयात दिला आहे. निकाल बदलून नको. बैलाला काठी लागली होती का, आणि लागली असेल तर कुणाच्या हातून, एवढं आम्हाला बघू द्या.

आपला,
एक गाडामालक
सुदुंबरे, ता. मावळ, जि. पुणे