अण्णांना गडावर न्यायचे आहे

दसऱ्याला सोने देऊन पाया पडलो, तेव्हा अण्णा म्हणाले, "यंदा एकदा हरिश्चंद्रगडावर घेऊन चल. पुढच्या वर्षाचे काही सांगता येत नाही."

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७३. शाळामास्तर होते. नोकरीत असताना दर डिसेंबरात मुलांची एक तुकडी घेऊन ते या गडावर जात. १९८७ साली, दहा वर्षांचा असताना, मीही त्या तुकडीत होतो. आज त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी वाढवणारी. शिवाय साखरेची एक.

डॉक्टर असूनही माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "अण्णा, आता वय झाले तुमचे." ते काही बोलले नाहीत. ताटातले श्रीखंड तसेच ठेवून उठले. (श्रीखंड त्यांना वर्ज्यच आहे, तो भाग वेगळा.)

वाचकहो, हे वाक्य आपण सगळेच फार सहज बोलतो. दवाखान्यात मला दोन प्रकारची मुले भेटतात. एक, आईवडिलांना जिनाही चढू न देणारी. त्यांची काळजी खरी असते, पण वर्षभर खुर्चीत बसवलेल्या माणसाचे पाय काडीसारखे होतात आणि मग तो न्हाणीघरात पडतो. दुसरी, "काही होत नाही हो, देवाचे नाव घ्या" म्हणत म्हाताऱ्यांना थेट डोंगरावर नेणारी. माझ्या मते दोघांचाही दोष एकच. म्हाताऱ्या माणसाला काय झेपते, हे दोघांनीही तपासून पाहिलेले नसते. तेव्हा मी ठरवले की आधी तपासायचे आणि मगच हो किंवा नाही म्हणायचे.

पहिली गोष्ट, बापाचा डॉक्टर मुलाने होऊ नये. मी त्यांना आमच्या फिजिशियन मित्राकडे नेले. साधा ईसीजी चांगला निघाला, पण तो पडल्या पडल्या काढलेला असतो. चढावर हृदय काय करील हे त्यावरून कळत नाही, म्हणून पट्ट्यावर चालवून घेतात ती स्ट्रेस टेस्ट केली. मधुमेही माणसाला हृदयविकारात छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम, दरदरून घाम किंवा एकाएकी आलेला थकवा, एवढ्यावरही भागते. त्यामुळे साठीनंतरच्या मधुमेही माणसाने डोंगराचा बेत आखण्यापूर्वी ही तपासणी डॉक्टरांना विचारून करावीच.

दुसरी परीक्षा घरच्या घरी झाली. अण्णांना सतरंजीवर मांडी घालून बसवले आणि हात न टेकता उठायला सांगितले. जमले नाही. गडावर खुर्ची नाही, झोपायचे जमिनीवर, आणि रात्री दोनदा लघवीला उठायचे. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला चढापेक्षा ही रात्र जास्त धोक्याची. अंधार, थंडी, झोपेतले डोळे, एकदम उभे राहिल्यावर खाली जाणारा रक्तदाब आणि पायाखाली दगड. म्हणून सामानाच्या यादीत पहिले नाव लिहिले ते रुंद तोंडाच्या झाकणाच्या बाटलीचे. अण्णा संतापले. पण यादीतून नाव खोडले नाही.

मग वाटेवरून भांडण. अण्णांची जुनी वाट खिरेश्वरहून तोलारखिंडीने जाणारी. त्या वाटेवर कातळटप्पा आहे. आता तिथे लोखंडी रेलिंग आहे हे खरे, पण उतरताना तिथे गुडघ्यांची कसोटी लागते. अकोले तालुक्यातल्या पाचनईची वाट त्या मानाने सोपी. तरुण माणूस दीड-दोन तासांत देवळापाशी पोचतो, आम्ही चार तास धरले. "पाचनईहून काय, कोणीही जाईल," असे म्हणून अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नळीच्या वाटेचे नाव काढले नाही, हे नशीब.

लोक चढाला भितात, पण गुडघ्याचे खरे हाल उतारावर होतात. उतरताना शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट-चौपट भार त्यावर पडतो आणि तो झेलतात मांडीचे स्नायू. तिशीनंतर माणसाचे स्नायू दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के घटतात, साठीनंतर अधिकच वेगाने. पण सरावाने सत्तरीतही त्यांत ताकद भरता येते, हे अनेकांना ठाऊक नसते. आम्ही बारा आठवड्यांचा सराव ठरवला. रोज अर्धा तास चालणे, पुढे वाढवत एक तास. खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे. आणि दर रविवारी गावाबाहेरच्या देवीच्या टेकडीची पायवाट. चढताना एक अख्खे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता आले नाही की थांबायचे. नाडी मोजत बसण्यापेक्षा हे सोपे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, त्यामुळे तिचा आकडा फसवतोही. बूट आत्ताच घेतले. नवे बूट घालून गडावर जाणे मधुमेह्याने कधीच करू नये. पायाची संवेदना कमी असेल तर फोड आलेला कळतही नाही. पाण्याचेही तसेच. वय वाढले की तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार घोट.

ओझ्याचा प्रश्न नाजूक होता. जन्मभर स्वतःची पिशवी स्वतः वाहिलेला माणूस ती दुसऱ्याच्या हाती देत नाही. शेवटी तडजोड झाली : अण्णांच्या खांद्यावर तीन किलो, त्यात त्यांचे पाणी, औषधे आणि साखरेची पुडी. बाकीचे पाचनईतला एखादा वाटाड्या पैसे घेऊन वाहील. वर गावकरी पिठले-भाकरी देतात, तेव्हा शिधा न्यायचा नाही.

सगळ्यात अवघड बोलणे माघारीचे. ते घरीच व्हायला हवे, कारण अर्ध्या चढावर कोणी शहाणपणा ऐकत नाही. आमचे ठरले की सकाळी सातला निघायचे, अकरापर्यंत देऊळ दिसले नाही तर जिथे असू तिथून परत. छातीत जडपणा, नेहमीपेक्षा वेगळा दम, घाम, चक्कर, किंवा पाय तीनदा अडखळला, तरीही परत. फोनची रेंज वर मिळेलच असे नाही. १०८ ची गाडी डोंगरावर येत नाही, माणसाला आधी रस्त्यापर्यंत आणि मग राजूरला किंवा अकोल्याला न्यावे लागते. हे सगळे अण्णांनी शांतपणे ऐकले. पण मला शंका होती की त्रास झाला तर ते सांगणार नाहीत. म्हातारी माणसे लपवतात. एकदा सांगितले की ही मुले पुन्हा कधी कुठे नेणार नाहीत, अशी भीती त्यांना असते, आणि ती खोटीही नसते. म्हणून टेकडीवर पहिल्याच रविवारी मी म्हणालो, "अण्णा, माझा गुडघा दुखतोय, जरा बसू." दुखत होताच.

गेल्या रविवारी आम्ही टेकडीवर नेहमीपेक्षा लांबची वाट धरली. तिसऱ्या वळणावर अण्णा आपणहून दगडावर बसले. म्हणाले, "आज एवढेच. पाय जड झालेत, आणि उगाच चिडचिड होते आहे." कपाळावर घाम होता. साखर तपासली तर ६६. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, वर आली होती; मग दोन बिस्किटे. ही चूक माझी. चाल वाढवली तेव्हा गोळीचा विचार मी करायला हवा होता. दुसऱ्याच्या वडिलांच्या बाबतीत तो पहिला केला असता. सोमवारी फिजिशियनकडे गेलो. त्यांनी लांब चालीच्या दिवशी गोळी अर्धी करायला सांगितले आणि रात्री झोपण्यापूर्वीही साखर तपासायला बजावले, कारण दिवसभराच्या श्रमानंतर ती पहाटेही उतरू शकते. हा बदल प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा, माझा लेख वाचून नव्हे.

बेत दोन आठवडे पुढे ढकलला आहे. आता जानेवारीचा शेवटचा शनिवार. अण्णांनी तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहिली, आणि खाली बारीक अक्षरात : "अकरा वाजता माघार." बाटलीला मात्र त्यांनी जुन्या मोज्याचे वेष्टण शिवून घेतले आहे, कोणाला दिसू नये म्हणून.